गाईंच्या मागची बाई

माझी बायको दगडांवर पाणी ओतायची. एवढंच लिहून सोडलं तर तिच्याविषयी भलताच समज होईल, म्हणून खुलासा करतो. हे दगड म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. आमच्या भोर-वेल्ह्याकडे देवळापाशी, पिंपळाखाली, क्वचित एखाद्या गोठ्याच्या भिंतीलासुद्धा टेकून ठेवलेले असतात. ऊनपाऊस खाऊन त्यांच्यावरची चित्रं पार पुसट झालेली. भर दुपारी बघाल तर नुसता धोंडा. पण सकाळचं तिरपं ऊन असलं आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं, की खोलगट जागा काळ्याभोर होतात, उंचवटे चमकतात आणि आत दडलेली माणसं हळूहळू बाहेर येतात. पाणी वाळेपर्यंत थांबतात. मग पुन्हा धोंडा.

तिचं माहेर भोंगवलीचं. तो आमच्या तालुक्याचा कोरडा भाग. पाणी जपून वापरायचं हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. घरात मी दाढी करताना नळ सोडून ठेवला तर आतून आवाज यायचा. आणि हीच बाई रविवारी रानावनात जाऊन दगडावर तांब्या उपडा करायची, यावरून मी तिला पुष्कळ चिडवलं आहे. ती म्हणायची, तुमच्या दाढीतून कोण बाहेर येणार आहे?

मला भटकण्याची हौस कधीच नव्हती. भोरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून नोकरी झाली, आणि माझं प्रामाणिक मत असं की आठवडाभर लोकांचे अर्ज बघितलेल्या माणसाला रविवारी झोपू द्यावं. ती बँकेत होती. तिचं मत वेगळं होतं. लोक पुण्याहून पेट्रोल जाळून आपल्याकडे येतात आणि आपण हितं राहून घरात लोळतो, याची तिला लाज वाटायची. त्यामुळे रविवारी उजाडलं की डबा भरलेला, पाण्याच्या बाटल्या तयार, आणि मी स्कूटर पुसतोय, असा देखावा आमच्या आळीनं वर्षानुवर्षं पाहिला. पुढं स्कूटरची गाडी झाली, देखावा तोच राहिला.

रायरेश्वराच्या लोखंडी शिडीवर तिनं मला अक्षरशः मागून ढकलत नेलं. वर पठारावर पोचल्यावर मी आडवा झालो आणि ती तिथल्या रंगीत मातीचे चिमटे रुमालात बांधत बसली. वरंध घाटात धुकं एवढं दाट होतं की आम्ही धुकंच बघून परत आलो. त्यावरही ती खूश. भाटघरचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की काठाची भेगाळलेली जमीन बघायला जायचं, पावसात मढे घाटात वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी बघायला जायचं. पानशेतला मात्र तिला आवडायचं नाही. तिथं रविवारी पिठलं-भाकरीच्या पाट्यांखाली शहरातल्या गाड्यांची जत्रा भरते. मला नेमकं तेच आवडायचं, कारण तिथं निदान खुर्च्या असतात. त्यावरून आमची गाडीत भांडणं झाली आहेत, आणि ती भांडणं आता मला हवी आहेत.

या सगळ्या फिरण्यात तिचा जीव अडकला होता एका गावात. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं ड्रोन उडवायला लोक हजर. एवढंच सांगतो की वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पोटाशी आहे. तालुक्याचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडी वेल्हंच आहे आणि ते तसंच राहणार. गावाच्या वरच्या अंगाला देवीचं छोटं देऊळ आहे आणि देवळासमोर चार वीरगळ उभे आहेत.

त्यातला कडेचा तिचा. तिचा म्हणजे तिनं ठरवलेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे मला तिनंच शिकवलं. सगळ्यात खाली लढाई. मध्ये त्या वीराला अप्सरा स्वर्गात नेतायत. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि शेवटी सूर्य आणि चंद्र. बहुतेक दगडांवर हेच असतं. या दगडावर खालच्या भागात ढालतलवार घेतलेला माणूस आहे आणि त्याच्या पाठीशी गाई आहेत. म्हणजे गावची गुरं कुणीतरी पळवली आणि ती सोडवताना हा मेला.

आम्ही तिसऱ्या की चौथ्या वेळी गेलो तेव्हा तिनं पाणी ओतलं, उकिडवी बसली, आणि बराच वेळ उठेना. मला हाक मारली. गाईंच्या मागं, दगडाच्या अगदी काठाला, अंगठ्याएवढी एक आकृती होती. हात वर केलेली. त्याआधी आम्हाला ती दिसली नव्हती, आणि मला वाटतं बऱ्याच पिढ्यांत कुणालाच दिसली नसेल. मी म्हणालो, गुराखी असेल.

"गुराखी कसला. अंबाडा बघा ना. त्याची बायको आहे," ती म्हणाली. "थांब म्हणतेय."

"मग थांबला का नाही?"

"ऐकू गेलं नसेल. एवढ्या गाई हंबरत असतील."

हे इतकं सहज बोलली, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. मी हसलो. पण पुढच्या खेपेला गाडीतून उतरल्यावर मीच आधी त्या दगडाकडे गेलो, हे मला आठवतं.

त्या बाईचा फोटो कधी आला नाही. बायकोनं मोबाईलवर कितीतरी काढले, वाकून, आडवं होऊन. फोटोत नुसता ओला दगड यायचा. डोळ्यांनाच दिसायची ती, तीही पाणी असेतोवर. पाणी वाळायला लागलं की आधी ती जायची, मग गाई, मग तो. बायको गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि म्हणायची, वाळलं, गेलं सगळं. दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा उतरलेला असायचा.

पाण्याचा तांब्या समोरच्या घरातल्या मावशींचा. देवळासमोर त्यांचं घर, भाताची थोडी जमीन, मुलं पुण्यात. पहिल्यांदा आम्ही बाटलीतलं पाणी ओतायला लागलो तेव्हा त्या ओट्यावरून उठून तांब्या घेऊन आल्या. देवाच्या दारात प्लास्टिकनं पाणी घालत्यात व्हय, म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचाच तांब्या. मी कचेरीतला म्हटल्यावर त्यांनी मला भाऊसाहेब करून टाकलं, तलाठ्याला म्हणतात तसं, आणि बायकोला वैनी. त्या दोघी काय बोलायच्या कुणास ठाऊक. मी ओट्यावर पाठ टेकून डोळे मिटायचो आणि लोणच्यापासून गुडघेदुखीपर्यंतचे शब्द कानावर येत राहायचे.

तिच्या आजारपणाविषयी मला लिहायचं नाही. ज्यांच्या घरात झालं असेल त्यांना ते माहीत आहे. पुण्याच्या दवाखान्यात शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, थंडी सरली की जाऊ एकदा वर. मी म्हटलं जाऊ. थंडी सरायच्या आत ती गेली.

त्यानंतर नातेवाइकांनी मला यात्रेला पाठवायचा चंगच बांधला. कुणी काशी सुचवली, कुणी रामेश्वर, कुणी तर विमानाचं तिकीट काढून देतो म्हणालं. माणूस गेला की उरलेल्याला फिरवून आणायचं, ही काय रीत आहे मला कळत नाही. ज्याला आयुष्यभर ढकलत न्यावं लागलं तो आता कुणाच्या ढकलण्यानं जाणार? मी घरात बसून राहिलो. रविवारी हवी तेवढी झोप मिळायला लागली आणि झोप येईनाशी झाली.

घरात तिच्या वस्तू होत्या, साड्या होत्या, फोटो होते. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. फोटोत ती माझ्याकडे बघून हसते आणि मला तर ती हवी होती दगडाकडे बघणारी. मग एका सकाळी चहा पिताना लक्षात आलं की ती अंगठ्याएवढी बाई जगात दोनच माणसांनी पाहिली होती. त्यातलं एक गेलं. आता ती बाई आहे हे फक्त मला माहीत आहे, आणि मी तिथं जाऊन पाणी ओतलं नाही तर ती असून नसल्यासारखी आहे. खरं तर याहून वेडं काहीतरी मनात होतं. मला वाटत होतं की पाणी ओतल्यावर ती आकृती वर येईल तेव्हा माझी बायको शेजारी उकिडवी बसलेली असेल. दिसणार नाही, पण असेल. जगात ती मला कुठं भेटली तर तिथंच भेटेल, अशी माझी खात्री झाली होती. कारकुनाला शोभणारी खात्री नव्हे, पण होती.

गाडी मी आता चालवत नाही. पहाटेच्या एस.टी.नं नसरापूरला आलो, तिथून वेल्ह्याची एस.टी., आणि पुढं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी खताची पिशवी होती. मार्गासनीच्या पुढं राजगड दिसायला लागला की ती नेहमी बोट करायची, जणू तो मागच्या वेळेपासून जागेवरून हललेला असेल. या खेपेला मीच बघत होतो. भात काढून झालेला, खाचरं मोकळी, उन्हात कोवळेपणा अजून होता. वेळ बरोबर साधली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. बऱ्याच महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

चढावर वळण घेतलं की देऊळ दिसतं. आधी मला वाटलं, दगडापाशी कुणीतरी रंगीत कपडे वाळत घातलेत.

जवळ गेलो. कडेचा वीरगळ ऑइलपेंटनं रंगवलेला होता. पुरता, वरपासून खालपर्यंत. सूर्य पिवळा, चंद्र पांढरा, पिंड काळी आणि तिच्यावर गंध. अप्सरांना पेंटरनं हिरव्या साड्या नेसवल्या होत्या आणि लाजेकाजेस्तव लांब बाह्यांची पोलकीही घातली होती. वीराला भगवा फेटा, झुपकेदार मिशा, तांबडेलाल डोळे. गाई पांढऱ्याशुभ्र, शिंगांना निळा रंग. टेम्पोच्या मागं गरुड आणि गुलाब काढतात ना, त्या हातचं काम. नीटनेटकं होतं. मन लावून केलेलं होतं.

गाईंच्या मागं हिरवं झुडूप होतं. त्याला तांबडी फुलं.

मी वाकून बोट फिरवलं. रंगाचा थर जाड, गुळगुळीत. खाली काही असेल तर बोटाला लागत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिलो, डोळे मिटूनही फिरवलं. मग तिथंच फरशीवर बसलो.

त्या वेळी मला जो राग आला तो मी लपवत नाही. मनातल्या मनात मी गावाला, पेंटरला, देवीलासुद्धा शिव्या घातल्या. ती असती तर कशी कळवळली असती, या विचारानं आणखी पेटलो. तेवढ्यात मागून हाक आली, भाऊसाहेब आलं का. मावशी पदर सावरत येत होत्या आणि त्यांचं तोंड इतकं फुललेलं होतं की माझी जीभ जागच्या जागी राहिली.

त्यांनी आधी माझ्या हाताला धरून डोळे पुसले. वैनी गेल्याचं त्यांना दुधाच्या गाडीवाल्याकडून कळलं होतं. कळलं त्या दिवशी चूल पेटवली नाही, म्हणाल्या. मग दगडाकडे वळल्या आणि म्हणाल्या, कसा झालाय? मी त्या झुडपाकडेच बघत होतो. भरून आलं असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्याच सांगायला लागल्या.

"वैनी दर टायमाला म्हनायच्या, वाळलं, गेलं सगळं. त्ये माज्या जिवाला लई लागायचं बगा. येवड्या लांबनं यायचं, पानी वतायचं, आन घडीभरात जायचं. मग त्या गेल्यावर आमी बायकांनी ठरवलं, त्यांच्या नावानं कायतरी करायचं. देवीला साडी सगळेच नेसवत्यात. म्हनलं, वैनींचा दगूड असा करायचा की पानी नगं, ऊन नगं. कवाबी या, दिसलंच पायजे."

पेंटर काम करत होता तेव्हा त्या स्वतः समोर उन्हात बसून होत्या. देवीची भांडी घासावी तसा आधी दगड घासून घेतला, म्हणाल्या. कुठं काय आहे ते त्याला कळेना तेव्हा त्यांनी वैनींसारखंच पाणी ओतून दाखवलं. गाईंच्या मागं काय आहे ते मात्र त्यालाही कळलं नाही, त्यांनाही नाही. मग मोकळं बरं दिसणार नाही म्हणून झुडूप काढायला लावलं. फुलं त्यांनी मागून सुचवलेली.

मला चहाला ओट्यावर बसवलं. चहात दूध जास्त होतं, पाहुण्याचा चहा. तो पिताना मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. जे व्हायचं ते झालं. चांगलं झालंय म्हणायचं, वडाप धरायचं आणि घरी जाऊन काय रडायचं ते रडायचं. एका म्हातारीनं माझ्या बायकोवर एवढी माया केली, तिला दुखवून काय मिळवायचं? तोंड उघडून मी छान झालंय असं म्हणणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या की बरं झालं आज आलात. उरलेले तीन दगड देवीच्या यात्रेच्या आत करायचे आहेत, पेंटरला परवा बोलावलंय, आणि रंग तुम्हीच सांगा. वैनींना कुठले रंग आवडायचे ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?

मी कप खाली ठेवला. त्या तीन दगडांकडे बघितलं. ऊन अजून तिरपं होतं आणि कोरड्या दगडांवरसुद्धा काहीतरी हलत होतं, एक घोडा, एक वाकलेली पाठ. अजून कुणी नीट पाहिलेले नव्हते ते. आमचं सगळं लक्ष कडेच्या दगडावर असायचं, ती म्हणायची, पुढच्या वेळी हे बघू. गप्प राहिलो तर परवा तेही जाणार होते. बोललो तर या बाईला सांगावं लागणार होतं की तिनं काय केलं आहे. दुसरी वाट मी शोधली, देवाशपथ शोधली. रंग महाग झालाय म्हणू का, यात्रेनंतर बघू म्हणू का. यात्रेनंतर पुढची यात्रा येणारच होती.

"मावशी, त्यांना रंग देऊ नका," मी म्हणालो.

का, त्यांनी विचारलं. मी जमेल तितक्या हळू सांगितलं. रंगाखाली कोरीव काम बुजतं. पुन्हा कितीही पाणी ओतलं तरी ते वर येत नाही. हिला ते दगड तसेच, उघडे आवडायचे. वाळलं की वाईट वाटायचं हे खरं, पण पुन्हा यायला तेवढंच निमित्त व्हायचं.

मावशी दगडाकडे वळल्या. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. तिथंच राहिलं आणि आतून रिकामं झालं.

"म्हंजी ह्योबी चुकला," त्या म्हणाल्या.

तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो.

त्या उठून आत गेल्या आणि पेंटरनं ठेवलेला टर्पेंटाइनचा डबा आणि फडकं घेऊन थेट दगडापाशी बसल्या. मी पोचेपर्यंत घासायलाही लागल्या होत्या. रंग आतून अजून कच्चा असावा, तांबडी फुलं हिरव्यात पसरली आणि गाईच्या पांढऱ्या पाठीवर ओघळ आला. मी त्यांचं मनगट धरलं. खाली झिजून झिजून कागदाएवढं उरलंय, खरवडलं तर तेही जाईल, असं सांगितलं. त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. त्या तीन दगडांना कुणाला हात लावू देणार नाही, पेंटरला आजच फोन करायला लावते, एवढं बोलल्या.

आम्ही दोघं तिथंच बसलो, मी बायकोच्या जागी आणि मावशी शेजारी. देवळातली घंटा कुणीतरी वाजवून गेलं. ऊन चढलं. मग त्यांनी त्या ओघळलेल्या हिरव्या डागावर बोट ठेवलं.

"हितं काय हुतं, भाऊसायेब?"

"बाई होती एक. एवढीशी. नवरा लढायला निघालाय आणि ती मागून हात वर करून त्याला थांब म्हणतेय."

"वैनींनी मला कवा दावली न्हाई."

"दाखवणार होती. तुम्हाला चष्मा लागल्यावर दाखवू म्हणायची."

मावशींनी मान हलवली. डागावरचं बोट तसंच होतं.

"आन थांबला का त्यो?"

"नाही."

"वैनी तरी कुठं थांबल्या," त्या म्हणाल्या.

मग मला काही आवरेना. मी त्या भगव्या फेट्याच्या, लाल डोळ्यांच्या वीरासमोर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो, आणि मावशी टर्पेंटाइनचा वास येणारा हात माझ्या पाठीवर ठेवून बसून राहिल्या.